यकृतविकारातील मस्तिष्कविकृती : असाध्य लक्षणाकडून साध्य अवस्थेकडे – एक ऐतिहासिक अभ्यास

गोषवारा

दीर्घकालीन यकृतविकारात रुग्णाच्या बुद्धीवर, वर्तनावर व हालचालींवर परिणाम होतो, हे वैद्यकास प्राचीन काळापासून ज्ञात होते. मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हा परिणाम मृत्यूची पूर्वसूचना म्हणूनच पाहिला गेला. इ. स. १८७७ मधील एका प्राणिप्रयोगापासून इ. स. २०१४ मधील आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांपर्यंत या धारणेत झालेल्या बदलाचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. मृत रुग्णाच्या मेंदूपेक्षा जिवंत रुग्णाचा आहार व आतडे यांच्या निरीक्षणातून ही अवस्था पूर्ववत होऊ शकते हे ज्ञान आले. तथापि तेच ज्ञान आहाराच्या बाबतीत अर्धशतकभर चुकीच्या दिशेने वापरले गेले, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : यकृत, सिरॉसिस, मस्तिष्कविकृती, अमोनिया, विल्सन रोग, लॅक्ट्युलोज, प्रथिने, वैद्यकाचा इतिहास.

१. प्रस्तावना

बुद्धी, स्मृती आणि विवेक यांचे स्थान मेंदू होय, हे आज शाळकरी विद्यार्थ्यासही ठाऊक असते. परंतु मेंदूत गाठ नाही, रक्तस्राव नाही, जंतुसंसर्ग नाही, आणि तरीही रुग्ण रात्रभर जागतो व दिवसा झोपतो, साध्या हिशेबात चुकतो, सही करताना अडखळतो, आप्तांची नावे विसरतो आणि अखेर बेशुद्ध होतो. या सर्वांचे मूळ बरगड्यांखालच्या यकृतात असते, ही गोष्ट वैद्यकाबाहेरील सुशिक्षितांनाही सहसा माहीत नसते. घरातील माणसे त्या वर्तनाचा अर्थ दारूची नशा, वेड किंवा म्हातारचळ असा लावतात. हा अर्थ चुकला की उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून या विकाराचा इतिहास हा केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांचा विषय राहत नाही.

प्रथम या विकाराची आज मान्य असलेली रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. अन्नातील प्रथिनांचे विघटन व आतड्यातील जिवाणूंची क्रिया यांतून अमोनिया तयार होतो. आतड्यातून येणारे रक्त पोर्टल शिरेवाटे प्रथम यकृतात जाते. तेथे अमोनियाचे युरियात रूपांतर होते व युरिया मूत्रावाटे बाहेर पडतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत निबर होऊन त्यात व्रणतंतू व गाठी तयार झाल्यावर, दोन गोष्टी घडतात. यकृतपेशींची कार्यक्षमता घटते. तसेच यकृतातून रक्त जाण्यास अडथळा झाल्याने ते आडवाटेने थेट सर्वसाधारण रक्ताभिसरणात मिसळते. अशा रीतीने गाळला न गेलेला अमोनिया व अन्य द्रव्ये मेंदूपर्यंत पोहोचतात. मेंदूतील चेतापेशींना आधार देणाऱ्या तारकाकृती पेशी अमोनियाचे ग्लुटामिनमध्ये रूपांतर करतात व त्या प्रक्रियेत फुगतात. शरीरातील दाह या परिणामात भर घालतो. येथे चेतापेशी मोठ्या प्रमाणावर मरत नाहीत, त्यांचे कार्य बिघडते. रुग्ण पूर्ववत होण्याची शक्यता मुख्यतः याच भेदात दडलेली आहे. हा भेद वैद्यकाच्या ध्यानी येण्यास मात्र दीर्घ काळ लागला.

२. प्राचीन निरीक्षणे : मरणसूचक लक्षण

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामला, म्हणजे कावीळ, या व्याधीचा विचार आला आहे. काविळीच्या रुग्णास तंद्रा व मोह उत्पन्न झाला, त्याचा अग्नी व संज्ञा नष्ट झाली, तर तो लवकरच दगावतो, असे तेथे सांगितले आहे. झापड, संभ्रम व शुद्ध हरपणे हा क्रम आजच्या वैद्यकासही परिचित आहे. आयुर्वेदात व्याधींची साध्य व असाध्य अशी विभागणी केली जाते आणि हा लक्षणसमूह असाध्यतेच्या बाजूस पडतो. उपलब्ध उपाययोजनेच्या मर्यादा पाहता हा निर्णय त्या काळी वास्तवास धरूनच होता.

ग्रीक परंपरेत हिप्पोक्रेटसच्या नावावर असलेल्या ‘पवित्र रोग’ या ग्रंथात कफामुळे वेडावलेले लोक शांत असतात, तर पित्तामुळे वेडावलेले लोक आरडाओरडा करतात, असा भेद केलेला आढळतो. आधुनिक लेखक पुष्कळदा या विधानास यकृतजन्य मस्तिष्कविकृतीचा पहिला उल्लेख मानतात. परंतु तेथे पित्त हा शरीरातील एक दोष म्हणून अभिप्रेत आहे, रोगी यकृताचे निरीक्षण नव्हे. पूर्वग्रंथांत आजचे ज्ञान वाचण्याचा मोह इतिहासाच्या अभ्यासकाने टाळला पाहिजे. हाच निकष चरकसंहितेलाही लागू होतो : तेथे लक्षणांचे अचूक निरीक्षण आहे, अमोनियाचा सिद्धांत नाही.

आधुनिक काळात फ्रेंच वैद्य रने लाएनेक यांनी इ. स. १८१९ मध्ये रोगी यकृताच्या पिवळसर-तांबूस रंगावरून ‘सिरॉसिस’ ही संज्ञा रूढ केली. पुढे जर्मन वैद्य फ्रिडरिख थिओडोर फ्रेरिक्स यांनी यकृतविकारांवरील आपल्या ग्रंथात, दीर्घकाळ सिरॉसिस असलेले रुग्ण अकस्मात बरळू लागतात, नंतर गाढ बेशुद्धीत जातात व त्यातच मरण पावतात, असे वर्णन केले. हे वर्णन अचूक आहे. पण त्याची कथा मृत्यूपाशी संपते. रुग्ण त्या अवस्थेतून परत येऊ शकतो काय, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील रुग्णालयात विचारला गेला नाही. तो उपस्थित झाला प्रयोगशाळेत, आणि तोही काहीसा अनपेक्षितपणे.

३. सेंट पीटर्सबर्ग : एका शस्त्रक्रियेचे अनपेक्षित फळ

इ. स. १८७७ मध्ये निकोलाय एक या रशियन लष्करी शल्यवैद्याने कुत्र्यांच्या पोर्टल शिरेस अधोमहाशिरेशी जोडून यकृतास वळसा देणारा मार्ग तयार केला. जलोदराच्या रुग्णांवर अशी शस्त्रक्रिया करता येईल काय, हे त्यास पाहावयाचे होते. आठ कुत्र्यांपैकी एकच दीर्घकाळ, सुमारे अडीच महिने, जगला व नंतर प्रयोगशाळेतून पळून गेला. पोर्टल रक्त यकृतात न जाताही प्राणी जगू शकतो, एवढाच निष्कर्ष एकने काढला. ‘एक फिस्तुला’ या नावाने ही शस्त्रक्रिया आजही ओळखली जाते.

सोळा वर्षांनी, इ. स. १८९३ मध्ये, त्याच शहरातील प्रायोगिक वैद्यक संस्थेत हान, मासेन, नेन्स्की व पावलोव्ह यांनी या प्रयोगाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. पचनक्रियेवरील संशोधनासाठी इ. स. १९०४ चे नोबेल पारितोषिक मिळालेले इव्हान पावलोव्ह ते हेच. शस्त्रक्रियेतून वाचलेल्या कुत्र्यांचा स्वभाव बदलतो, ती हट्टी व चिडखोर होतात, त्यांची चाल लडबडते, काहींची दृष्टी जाते, झटके येतात व ती बेशुद्ध होतात, असे त्यांना आढळले. विशेष म्हणजे मांस खाऊ घातल्यावर ही लक्षणे उद्भवत. या अवस्थेस ‘मांसविषबाधा’ असे नाव मिळाले. प्रथिनांपासून निर्माण होणारी नत्रयुक्त द्रव्ये यकृतात निष्प्रभ न झाल्याने मेंदूस बाधा होते, असे स्पष्टीकरण या संशोधकांनी दिले. त्यांचा मुख्य संशय कार्बामिक आम्लावर होता; पुढील काळात लक्ष अमोनियावर केंद्रित झाले.

वैद्यकेतिहासाच्या दृष्टीने या प्रयोगाचे दोन वारसे आहेत. आहाराप्रमाणे लक्षणे येतात व जातात, म्हणजे मेंदूतील बिघाड कायमचा असेलच असे नाही, हा पहिला वारसा. यकृताच्या रुग्णास प्रथिने घातक, ही समजूत हा दुसरा. पहिला वारसा वैद्यकाने सुमारे साठ वर्षे दुर्लक्षिला. दुसरा मात्र नंतर गरजेपेक्षा अधिक काळ जपला.

४. विल्सन रोग : असाध्याच्या व्याख्येतील पहिला बदल

इ. स. १९१२ मध्ये लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील मज्जाविकार रुग्णालयाशी संबंधित असलेले एस. ए. किनियर विल्सन यांनी ‘ब्रेन’ या नियतकालिकात एका कौटुंबिक रोगाचे सविस्तर वर्णन केले. तरुण वयात हातापायांना कंप सुटणे, बोलणे व गिळणे कठीण होणे, शरीर ताठरणे आणि शवविच्छेदनात मेंदूच्या अंतर्भागातील विशिष्ट गाभ्यांचा ऱ्हास व सोबत यकृताचा सिरॉसिस, असे त्याचे स्वरूप होते. यकृतातून निघणारे कोणते तरी विष मेंदूस इजा करीत असावे, असे विल्सन यांचे अनुमान होते. रोग उत्तरोत्तर वाढणारा व प्राणघातक आहे, याविषयी त्यांना शंका नव्हती. त्याच वर्षी जर्मनीत फॉन होसलिन व आलॉइस आल्झायमर यांनी अशाच प्रकारच्या रुग्णाच्या मेंदूतील बदललेल्या तारकाकृती पेशींचे वर्णन केले. या पेशी पुढे यकृतजन्य मस्तिष्कविकृतीतही आढळल्या.

विल्सन यांनी अनुमानिलेले विष तांबे असल्याचे हळूहळू निश्चित झाले. इ. स. १९४८ मध्ये जे. एन. कमिंग्ज यांनी अशा रुग्णांच्या मेंदूत व यकृतात तांब्याचे प्रमाण पुष्कळ वाढलेले असल्याचे दाखविले व धातू बाहेर काढणाऱ्या औषधाची शक्यता सुचविली. दुसऱ्या महायुद्धात आर्सेनिकयुक्त विषारी वायूवर उतारा म्हणून तयार झालेले बी.ए.एल. हे औषध त्यासाठी उपलब्ध होते. इ. स. १९५१ मध्ये बोस्टन येथे डेनी-ब्राउन व पोर्टर यांनी त्याचा वापर करून रुग्णांत सुधारणा झाल्याचे नोंदविले. परंतु त्याची इंजेक्शने अतिशय वेदनादायक होती. इ. स. १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी तोंडावाटे देता येणारे पेनिसिलामिन हे औषध पुढे आणले. पेनिसिलिन घेतलेल्या रुग्णांच्या मूत्रात हा पदार्थ त्यांना पूर्वी आढळला होता; त्याची रासायनिक रचना तांब्यास पकडू शकेल, हे त्यांच्या ध्यानी आले.

या घटनेने वैद्यकाच्या विचारास दिलेला धक्का मोठा होता. आनुवंशिक, मेंदूचा ऱ्हास घडविणारा व निश्चित मृत्यूकडे नेणारा एक रोग आता औषधाने रोखता येऊ लागला आणि अनेक रुग्णांच्या हालचाली व वाणी सुधारू लागली. अर्थात हे यश निर्भेळ नव्हते. काही रुग्णांची मज्जालक्षणे पेनिसिलामिन सुरू केल्यावर उलट वाढत आणि उशिरा निदान झालेल्यांत सुधारणा अपुरी राहत असे. म्हणजे ‘साध्य’ या शब्दास ‘वेळेवर’ ही अट जोडलेली होती.

५. बोस्टन व लंडन : ‘पूर्ववत होणारी’ अवस्था (इ. स. १९४९–१९५६)

विल्सन रोग दुर्मीळ आहे. सिरॉसिस मात्र सर्वत्र आढळतो. सिरॉसिसच्या सामान्य रुग्णातील मस्तिष्कविकृतीविषयीचा निर्णायक बदल अवघ्या सात-आठ वर्षांत व मुख्यतः दोन शहरांत घडला.

इ. स. १९४९ मध्ये रेमंड ॲडम्स व जोसेफ फोली यांनी गंभीर यकृतविकाराच्या रुग्णांतील एका विशिष्ट चिन्हाचे वर्णन केले. रुग्णास हात पुढे ताणून मनगटे मागे वळविण्यास सांगितले असता हात क्षणभर खाली पडतात व पुन्हा वर येतात. पक्ष्याने पंख फडफडवावेत तसे ते दिसते. स्थिती टिकवून धरता न येणे या अर्थाची ‘ॲस्टेरिक्सिस’ ही संज्ञा फोली यांनी ग्रीक जाणणाऱ्या एका जेझुइट विद्वानाच्या साहाय्याने बनविली. अन्य चयापचयविकारांतही हे चिन्ह आढळते, हे पुढे स्पष्ट झाले. तथापि त्याचे महत्त्व असे की, बेशुद्धी येण्यापूर्वीच, कोणत्याही उपकरणाविना, खाटेशेजारी रोग ओळखता येऊ लागला. जो रोग लवकर ओळखता येतो, त्यावरच उपचार करण्यास अवसर मिळतो. त्याच संशोधकांनी मृत रुग्णांच्या मेंदूत तारकाकृती पेशींतील बदल ठळक असल्याचे व चेतापेशी बहुतांशी टिकून असल्याचेही नोंदविले.

इ. स. १९५२ मध्ये बोस्टन येथेच गबुझ्दा, फिलिप्स व डेव्हिडसन यांच्या अनुभवास एक वेगळी गोष्ट आली. जलोदर कमी करण्यासाठी ते रुग्णांना सोडियम शोषून घेणारी रेझिने देत होते. या रेझिनांतून बदल्यात अमोनियम मुक्त होत असे. काही रुग्ण गोंधळले, गुंगीत गेले, त्यांचे हात फडफडू लागले. आणि रेझिन थांबविताच ते भानावर आले. त्यांच्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच ‘पूर्ववत होणारी’ या अर्थाचा शब्द आहे. सेंट पीटर्सबर्गच्या कुत्र्यांत जे दिसले होते, ते माणसात उपचाराच्या दुष्परिणामाच्या रूपाने पुन्हा दिसले.

इ. स. १९५४ मध्ये मॅकडर्मट व ॲडम्स यांनी त्याहून बोलके उदाहरण प्रसिद्ध केले. स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी झालेल्या शस्त्रक्रियेत एका रुग्णाची पोर्टल शीर महाशिरेस जोडली गेली होती. या रुग्णास सिरॉसिस नव्हता. तो जणू मानवी ‘एक फिस्तुला’ होता. त्यास वारंवार गुंगीचे झटके येत व ते ओसरत. रक्तातील अमोनियाशी व प्रथिनयुक्त आहाराशी त्यांचा संबंध दाखविता आला. केवळ रक्ताचा मार्ग बदलल्याने मन झाकोळते व नत्राचा भार कमी केल्याने पुन्हा उजळते, हे यातून सिद्ध झाले.

त्याच वर्षी लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील शीला शेरलॉक, समरस्किल, व्हाइट व फिअर यांनी ‘लॅन्सेट’मध्ये या अवस्थेस ‘पोर्टल-सिस्टेमिक एन्सेफॅलोपॅथी’ हे नाव दिले. पूर्वीच्या ‘यकृती कोमा’ या नावात शेवट अभिप्रेत होता. नव्या नावात रक्ताचा मार्ग व मेंदूचा बिघाड एवढेच सांगितले होते. नामांतराबरोबर दृष्टीही बदलली. प्रथिने कमी करणे व प्रतिजैविके देणे या उपायांनी रुग्ण सुधारू लागले. यकृतास हितकर म्हणून त्या काळी दिले जाणारे मेथिओनिन हे अमिनो आम्ल काही रुग्णांत मस्तिष्कविकृती निर्माण करते व प्रतिजैविकाने ती टळते, असे याच गटाने इ. स. १९५६ मध्ये दाखविले. आतड्यातील जिवाणूंचा सहभाग त्यातून स्पष्ट झाला. हा विचार किती वेगाने रुजला याची एक गमतीदार साक्ष म्हणजे समरस्किल यांनी इ. स. १९५५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच लिहिलेला लेख. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’ नाटकातील सर अँड्र्यू एग्यूचीक हे मंदबुद्धीचे, गोमांसप्रिय पात्र या विकाराचे उदाहरण असावे, अशी कल्पना त्यांनी त्यात मांडली.

६. आतडे हेच उपचारस्थान

मेंदूचा विकार आणि उपचार मात्र आतड्यावर, ही कल्पना पुढील दोन दशकांत स्थिरावली. इ. स. १९४९ मध्ये वाक्समन व लेशव्हालिए यांनी शोधलेले निओमायसिन हे प्रतिजैविक तोंडावाटे घेतल्यास फारसे शोषले जात नाही. त्यामुळे आतड्यातील जिवाणू कमी करण्यासाठी ते वापरात आले. परंतु जेवढे शोषले जाते तेवढेही दीर्घ उपचारात मूत्रपिंड व श्रवणशक्ती यांस अपायकारक ठरू शकते. दीर्घकालीन रोगास दीर्घकाळ घेता येईल असे औषध हवे होते.

इ. स. १९६६ मध्ये झुरिक येथील योहानेस बिर्शर व सहकाऱ्यांनी ही उणीव भरून काढली. त्यांनी वापरलेले लॅक्ट्युलोज ही गॅलॅक्टोज व फ्रुक्टोज यांची कृत्रिम जोडशर्करा आहे. मानवी आतड्यात ती पचत नाही. मोठ्या आतड्यात जिवाणू ती आंबवितात. त्यामुळे तेथे आम्लता वाढते, अमोनिया आयनरूपात अडकून राहतो व रेचक परिणामामुळे बाहेर टाकला जातो. हॅरल्ड कॉन व सहकाऱ्यांनी इ. स. १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनात्मक चाचणीत लॅक्ट्युलोज व निओमायसिन हे सारखेच परिणामकारक आढळले. अवस्थेच्या तीव्रतेच्या ‘वेस्ट हेवन’ श्रेणीचा उगमही कॉन यांच्याच कार्यात आहे.

लॅक्ट्युलोज मूलतः बद्धकोष्ठावरील साधे, गोड पाक असावे तसे औषध आहे. ते आपल्या मनाच्या विकारावर आहे, हे रुग्णास व कुटुंबास पटत नाही; दिवसातून वारंवार शौचास जावे लागल्याने ते बंद केले जाते आणि काही दिवसांत रुग्ण पुन्हा बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येतो. म्हणून झटका पुन्हा येऊ नये यासाठीच्या उपचारास एकविसाव्या शतकात विशेष महत्त्व आले. इ. स. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २९९ रुग्णांच्या चाचणीत रिफॅक्सिमिन हे न शोषले जाणारे प्रतिजैविक घेणाऱ्यांपैकी २२.१ टक्के रुग्णांना सहा महिन्यांत पुन्हा झटका आला, तर औषधविरहित गटात हे प्रमाण ४५.९ टक्के होते. या चाचणीतील बहुसंख्य रुग्ण सोबत लॅक्ट्युलोज घेत होते.

७. प्रथिनबंदी : एका अनुमानाचा दीर्घ प्रवास

सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगाचा दुसरा वारसा येथे विचारात घेणे आवश्यक आहे. मांस खाल्ल्याने कुत्री आजारी पडली. १९५० च्या दशकात प्रथिने कमी केल्याने रुग्ण सुधारले. यावरून यकृताच्या रुग्णास दीर्घकाळ अल्पप्रथिन आहार द्यावा, हा नियम पाठ्यपुस्तकांत रूढ झाला. त्यात एक तार्किक त्रुटी होती. तीव्र झटक्यात रुग्णास एकाच वेळी रेचके, प्रतिजैविके व अन्य उपचार दिले जात. त्यातील आहाराचा वाटा किती, हे स्वतंत्रपणे तपासले गेले नव्हते.

इ. स. २००४ मध्ये बार्सिलोना येथील हुआन कोर्दोबा व सहकाऱ्यांनी ही तपासणी केली. मस्तिष्कविकृतीच्या झटक्यासाठी दाखल झालेल्या रुग्णांची दोन गटांत विभागणी करून एकास नेहमीइतकी प्रथिने व दुसऱ्यास आरंभी प्रथिनरहित व नंतर क्रमशः वाढता आहार देण्यात आला. दोन्ही गटांच्या सुधारणेत लक्षणीय फरक आढळला नाही. उलट प्रथिने रोखलेल्या गटात शरीरातील प्रथिनांची झीज अधिक झाली. याचे कारण स्नायूंत आहे. यकृत दुर्बल झाल्यावर अमोनिया निकामी करण्याचे काम काही अंशी स्नायू करतात. प्रथिनांअभावी स्नायू क्षीण झाले तर रक्तातील अमोनिया वाढतो, म्हणजे ज्या भयापोटी पथ्य पाळले तेच संकट ओढवते. इ. स. २०१४ च्या अमेरिकन व युरोपीय संस्थांच्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांत दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. दुधातील व वनस्पतिजन्य प्रथिने मांसाहारापेक्षा रुग्णांस अधिक मानवतात, असेही आढळले आहे.

महाराष्ट्रातील वाचकास हा मुद्दा दूरचा वाटू नये. काविळीच्या रुग्णास उसाचा रस, भाताची पेज व बिनतेलाचे अन्न देऊन डाळ, दूध, अंडी वर्ज्य करण्याची रूढी आपल्याकडे घरोघर आढळते. अल्पकालीन काविळीत त्याने फारसे बिघडत नसेलही. परंतु सिरॉसिसच्या रुग्णाने तेच पथ्य महिनोन् महिने पाळल्यास स्नायू झडतात. येथे लोकरूढी आणि कालबाह्य पाठ्यपुस्तक यांचे एकमत झालेले दिसते, आणि म्हणूनच ती समजूत मोडणे अधिक कठीण जाते.

८. पूर्ववततेच्या मर्यादा

पूर्ववत होणे हा शब्द १९५० च्या दशकात आशेने उच्चारला गेला. त्यास पहिली मर्यादा इ. स. १९६५ मध्ये पडली. मॉरिस व्हिक्टर, रेमंड ॲडम्स व मोनरो कोल यांनी सिरॉसिसच्या अशा रुग्णांचे वर्णन केले की, ज्यांच्यात झटके ओसरल्यानंतरही बोलण्यातील जडपणा, तोल जाणे, अनैच्छिक हालचाली व बुद्धिमांद्य कायम राहिले होते. त्यांच्या मेंदूत ऱ्हासही दिसून आला. ज्या ॲडम्स यांनी या अवस्थेचे चंचल स्वरूप वर्णिले होते, त्यांनीच तिचे स्थायी रूपही नोंदवावे, हे लक्षणीय आहे. काही रुग्णांत मज्जारज्जूला इजा होऊन पाय ताठरतात व चालणे खुंटते. अशा विकृतीवर अमोनिया कमी करणाऱ्या औषधांचा फारसा उपयोग होत नाही.

ही स्थायी रूपेदेखील खरोखर स्थायी आहेत काय, या प्रश्नाचे उत्तर यकृतप्रत्यारोपणातून मिळाले. इ. स. १९६३ मध्ये थॉमस स्टार्झल यांनी डेन्व्हर येथे मानवातील पहिले यकृतप्रत्यारोपण केले. दीर्घकाळ जगलेले पहिले रुग्ण इ. स. १९६७ मधील आहेत. पुढे इ. स. १९९० मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथून, प्रत्यारोपणानंतर मेंदूच्या दीर्घकालीन ऱ्हासाची लक्षणे सुधारल्याचा वृत्तान्त आला. इ. स. २००३ मध्ये जर्मनीतील कारिन वायसेनबोर्न व सहकाऱ्यांनी मज्जारज्जूच्या विकृतीतही प्रत्यारोपणानंतर सुधारणा झाल्याचे नोंदविले. व्याधी जेवढी अलीकडची तेवढी आशा अधिक, असे चित्र पुढे आले. मेंदूच्या चुंबकीय प्रतिमांत सिरॉसिसच्या रुग्णांत दिसणारी अंतर्गाभ्यांची चकाकी मँगनीज साचल्यामुळे असते व नवे यकृत बसविल्यावर ती हळूहळू नाहीशी होते, हेही १९९० च्या दशकात स्पष्ट झाले.

याउलट, वरवर पूर्ण बऱ्या वाटणाऱ्या रुग्णांविषयी नवी शंका निर्माण झाली. इ. स. २०१० मध्ये जसमोहन बजाज व सहकाऱ्यांनी अमेरिकेत दाखविले की, झटका ओसरून रुग्ण नेहमीच्या व्यवहारास लागल्यावरही नवे शिकण्याच्या क्षमतेतील उणीव शिल्लक राहते व झटक्यांच्या संख्येबरोबर ती वाढत जाते. ‘कायमचे’ मानलेले काही अंशी परतले आणि ‘परतलेले’ मानलेले काही अंशी कायमचे गेले, असा हा दुहेरी अनुभव आहे.

९. भारतीय संदर्भ

या इतिहासात भारताचा वाटा केवळ स्वीकारकर्त्याचा नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाच्या परिसरात कार्य केलेले मज्जाविकृतिशास्त्रज्ञ दराब दस्तूर व मज्जाविकारतज्ज्ञ नोशीर वाडिया यांनी मंघाणी यांच्यासह इ. स. १९६८ मध्ये भारतातील १६ कुटुंबांतील विल्सन रोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वाङ्मयातून ज्ञात असलेला हा आनुवंशिक रोग भारतातही आहे व तो शोधला पाहिजे, हे त्यातून अधोरेखित झाले. निदानच झाले नाही तर पेनिसिलामिनचा शोध येथील रुग्णास निरुपयोगी ठरतो.

मस्तिष्कविकृतीच्या उपचारांवरील दोन भारतीय चाचण्यांचा उल्लेख अपरिहार्य आहे. चंदीगढ येथील पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील राधाकृष्ण धीमान व सहकाऱ्यांनी इ. स. २००७ मध्ये, केवळ मानसशास्त्रीय चाचण्यांतच कळून येणाऱ्या सौम्य अवस्थेत लॅक्ट्युलोजने बौद्धिक कार्य व जीवनमान सुधारते, असे दाखविले. दिल्लीतील बी. सी. शर्मा, एस. के. सरीन व सहकाऱ्यांच्या इ. स. २००९ मधील चाचणीत लॅक्ट्युलोज घेणाऱ्यांपैकी १९.६ टक्के व न घेणाऱ्यांपैकी ४६.८ टक्के रुग्णांना पुन्हा झटका आला. चाळीस वर्षांहून जुन्या, तुलनेने स्वस्त औषधाचे प्रतिबंधक मूल्य अशा रीतीने भारतात सिद्ध झाले.

इ. स. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मस्तिष्कमृत्यूस वैधानिक मान्यता दिली आणि इ. स. १९९८ मध्ये भारतातील पहिले यशस्वी यकृतप्रत्यारोपण दिल्लीत झाले. मात्र खर्च व अवयवांची उपलब्धता यांमुळे हा मार्ग थोड्यांनाच खुला होतो. म्हणून लवकर निदान, नियमित औषध व पुरेसा आहार यांचे महत्त्व येथे अधिक आहे.

१०. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष संभवतात. पहिला, यकृतविकारातील मस्तिष्कविकृतीकडे पाहण्याच्या दृष्टीत झालेला बदल मृत मेंदूच्या परीक्षणापेक्षा जिवंत रुग्णाच्या चढउतारांच्या निरीक्षणातून आला. शवविच्छेदनगृहात रोगाचा शेवट दिसतो. त्यातून परत आलेला रुग्ण तेथे दिसत नाही. दुसरा, हे ज्ञान पुष्कळदा उपचारांच्या दुष्परिणामांतून मिळाले. जलोदरावरील रेझिने, कर्करोगावरील शस्त्रक्रिया व यकृतासाठीचे मेथिओनिन ही त्याची उदाहरणे होत. तिसरा, प्रयोगातील खरे निरीक्षणही स्वतंत्र तपासणीविना नियम बनले तर हानी करू शकते, हे प्रथिनबंदीच्या इतिहासावरून दिसते. चौथा, साध्यता ही रोगाची अंगभूत व स्थिर गुणवत्ता नसून ती काळ, निदान व उपलब्ध साधने यांवर अवलंबून असते.

चरकसंहितेने ज्या तंद्रेस व मोहास असाध्यतेचे चिन्ह मानले, त्याच चिन्हांवरून आजचा वैद्य तातडीने उपचार सुरू करतो. लक्षण तेच राहिले, त्याचा अर्थ बदलला. परंतु घरातील ज्येष्ठाचे बोलणे एकाएकी असंबद्ध झाले, त्याचे हात फडफडू लागले, तर त्यामागे यकृत असू शकते ही जाणीव अद्याप आपल्या सुशिक्षित समाजातही पुरेशी रुजलेली नाही. प्रयोगशाळेत व रुग्णालयात जे साध्य ठरले आहे, ते या अज्ञानामुळे घराघरांत असाध्य राहू नये, हीच या इतिहासाच्या अभ्यासाची फलश्रुती होय.